हस्तिदंती चोचीच्या सुताराचा आवाज

अरण्यातील पक्षी ओळखण्याची विद्या जितकी डोळ्यांची आहे तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, कानांची आहे. आणि सुतारपक्ष्याच्या बाबतीत हे जितके खरे आहे तितके दुसऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत क्वचितच असेल. हा पक्षी झाडाच्या खोडाला चिकटून वर चढत जातो व माणसाची चाहूल लागताच अंग चोरून खोडाच्या पलीकडच्या बाजूस सरकतो. पाहणारा प्रदक्षिणा घालू लागला, तर पक्षीही तितकीच प्रदक्षिणा घालतो. अशा वेळी डोळे फसतात, कान मात्र फसत नाहीत, असे रानात हिंडणारे लोक सांगत आलेले आहेत. कान खरोखरीच फसत नाहीत काय, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. परंतु अमेरिकेतील एका सुतारपक्ष्याच्या इतिहासात ह्या प्रश्नाच्या उत्तरावर एक सबंध जात जिवंत आहे की नाही, ह्याचा निवाडा येऊन ठेपला. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

तत्पूर्वी सुतारपक्ष्याच्या आवाजांचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे. त्याचे आवाज तीन प्रकारचे. पहिला गळ्यातला. सोनेरी पाठीचा जो सुतार महाराष्ट्रातील आमराईत, माडांच्या वाडीत, फार काय शहरातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारातही दिसतो, तो उडता उडता खिदळल्यासारखी एक कर्कश किंकाळी फोडतो; ती ज्याने एकदा ऐकली तो विसरत नाही. दुसरा आवाज पोटापाण्याच्या कामाचा. साल उचकटून आतली अळी काढताना होणारी ठकठक ती हीच. तिला ताल नसतो. दोन ठोके, मग स्तब्धता, मग पाच ठोके, असा तो प्रकार असतो. तिसरा आवाज मात्र निराळा. वाळलेली, नाद देणारी एखादी फांदी हुडकून काढून सुतार तिच्यावर चोचीने इतक्या जलद ठोके मारतो की ते सुटे ऐकू न येता एकजीव होतात व ताशावरील तर्रीसारखा नाद उठतो. ह्या ठोक्यांनी भोक पडत नाही आणि अळीही मिळत नाही. कोकिळ ज्या कारणासाठी कूजन करतो त्याच कारणासाठी सुतार ही तर्री वाजवितो: ही हद्द माझी आहे हे शेजाऱ्यास कळावे आणि जोडीदाराने जवळ यावे. नाद चांगला निघाला म्हणजे झाले, वस्तू कोणती ह्याची त्यास पर्वा नसते. म्हणून तारेच्या खांबांवर आणि पत्र्याच्या छपरांवरही सुतार आपली कला दाखविताना आढळतात.

ह्या तर्रीवरून जात ओळखता येते. इंग्लंडातील ठिपकेदार मोठा सुतार सेकंदाच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण भागात दहा ते सोळा ठोके मारून थांबतो. त्याचाच लहान भाऊबंद त्याहून अधिक ठोके मारतो व ते अधिक वेळ चालतात, परंतु त्यांत जोर कमी असतो. हिरवा सुतार तर्री क्वचितच वाजवितो. तो आपला मोठ्याने हसल्यासारखा ओरडतो, आणि ओळख पटावयास तेवढे पुरते. युरोपातील काळ्या सुताराची तर्री दोन-तीन सेकंद टिकते. अमेरिकेत झाडांना लहान लहान छिद्रे पाडून रस पिणारा एक सुतार आहे. त्याची तर्री जलद सुरू होते आणि मग अडखळत, विषम अंतराने येणाऱ्या ठोक्यांत विरून जाते. तारऑफिसातील यंत्राची कडकट्ट ज्यांच्या कानांवरून गेली असेल, त्यांना ती ऐकून तारमास्तरांचीच आठवण व्हावी. सह्याद्रीतील तांबूस सुताराची तऱ्हाही अशीच मजेची आहे. त्याचे ठोके भराभर सुरू होतात आणि मग दोन ठोक्यांतील अंतर वाढत वाढत जाऊन थांबतात. चालत्या मोटारसायकलचे इंजिन बंद पडताना जसा आवाज होतो, नेमका तसा. पिवळ्या माथ्याच्या एका लहान सुतारास तर १८०१ साली लेथम ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने मराठ्यांच्या मुलखावरून ‘महरट्टेन्सिस’ असे नाव दिले, आणि शास्त्रात ते अद्याप चालू आहे. पेशवाई गेली, पण सुताराच्या नावात मराठे राहिले आहेत!

तर्रीच्या बाबतीत एक वाद बरीच वर्षे चालला, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. एवढासा पक्षी, त्याची चोच ती केवढी, आणि आवाज तर शेता-रानांपलीकडे जातो. तेव्हा हा नाद लाकडाचा नसून पक्ष्याच्या कंठातूनच निघत असला पाहिजे, असे म्हणणारा एक पक्ष इंग्लंडातील निसर्गप्रेमी मंडळींत होता. चोच हलताना दिसते खरी, परंतु तो केवळ देखावा, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष अर्थातच उलट बोले. दोन्ही पक्षांत जाणती माणसे होती व दोघांनीही पक्षी डोळ्यांनी पाहिलेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अखेर १९४३ साली नॉर्मन पुलन नावाच्या गृहस्थाने सुतार ज्या झाडावर वाजवीत असे त्या झाडाच्या आत एक नाजूक मायक्रोफोन बसविला आणि आवाज लाकडातूनच उठतो हे सिद्ध केले. यंत्राने वाद मिटविला. यंत्रे असे वाद नेहमीच मिटवीत नाहीत, हे पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या पुराने भिजणाऱ्या दलदलीच्या अरण्यांत, हस्तिदंती चोचीचा सुतार राहत असे. लांबी सुमारे वीस इंच, पंख पसरले असता अडीच फूट. अंग काळे चकचकीत, मानेवरून पाठीवर उतरणारे दोन पांढरे पट्टे. नराची शेंडी लाल भडक, मादीची काळी. आणि चोच तीन इंचांच्या जवळपास, रंगाने हस्तिदंतासारखी. त्याच अरण्यांत शेंडीवाला म्हणून दुसरा एक मोठा सुतार आहे. तोही काळा-पांढरा, तोही लाल शेंडीचा, आकाराने किंचितच लहान. दुरून, अर्धवट उजेडात, पानांच्या आडून पाहिले तर भल्याभल्यांची फसगत व्हावी इतके हे दोघे सारखे. फांदीवर बसला असता हस्तिदंती सुताराच्या पाठीचा खालचा भाग पांढरा दिसतो, शेंडीवाल्याचा काळा, ही खूण खरी. परंतु ती दिसण्यापुरता पक्षी थांबेल तेव्हा ना!

आवाजाने मात्र दोघांत मुळीच घोटाळा होऊ नये. शेंडीवाला मोठ्याने कुकारे देतो आणि लांबलचक, खोल तर्री वाजवितो. हस्तिदंती सुतार तर्री मुळीच वाजवीत नसे. तो एक जोडठोका देई: पहिला ठोका जोराचा, आणि त्याच्या पाठोपाठ, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर, दुसरा थोडा हलका, जणू पहिल्याचाच प्रतिध्वनी. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्याची जी सगोत्र मंडळी आहेत, त्यांपैकी बऱ्याच जणांची हीच रीत आहे. गळ्यातला आवाज ‘केंट, केंट’ असा, पत्र्याच्या पिपाणीत फुंकल्यासारखा. जत्रेतून आणलेली पिपाणी पोरे दिवसभर वाजवितात, तिचाच सूर. एवढ्या राजबिंड्या पक्ष्यास असला केविलवाणा आवाज कसा, ह्याचे ऐकणाऱ्यांना नेहमी नवल वाटे.

ह्या पक्ष्याशी गोऱ्या लोकांचा परिचय अठराव्या शतकापासूनचा. केट्सबी ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे की उत्तरेकडील मूळ रहिवासी ह्या चोचींचे मुकुट करीत आणि एका चोचीसाठी दोन-तीन हरणांची कातडी मोजीत. परंतु सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट अलेक्झांडर विल्सनची. हा गृहस्थ स्कॉटलंडचा विणकर. अमेरिकेत येऊन शाळामास्तर झाला आणि मास्तरकी करता करता पक्ष्यांच्या नादी लागून अमेरिकन पक्षिशास्त्राचा जनक म्हणून नावाजला गेला. मास्तरांच्या धंद्यात असले नाद लागतात, पण असे यश क्वचितच येते. इ. स. १८०९ च्या सुमारास उत्तर कॅरोलिनातील विल्मिंग्टन गावाजवळ त्याने एक हस्तिदंती सुतार गोळी घालून पाडला. पंखास किंचित जखम झाली होती, एवढेच. पक्षी असा रडू लागला की तान्हे मूल टाहो फोडीत आहे असे वाटावे. विल्सन त्यास गाडीत झाकून गावात घेऊन गेला, तेव्हा रस्त्यावरील बायका घाबरून दारा-खिडक्यांत आल्या, आणि खाणावळीच्या लोकांनाही आत खरोखरीच मूल आहे असे वाटले. त्याने पक्ष्यास खोलीत ठेवून कुलूप लावले व घोड्याची व्यवस्था पाहावयास तो गेला. तासाभराच्या आत परत येऊन पाहतो तो पक्षी खिडकीजवळ उंच चढलेला, भिंतीचा गिलावा बिछान्यावर पडलेला, पंधरा इंच चौरस भागातील पट्ट्या उघड्या पडलेल्या आणि मूठ जाईल एवढे भोक पडलेले. मग त्यास महोगनीच्या मेजाच्या पायाला बांधले. त्याने मेजाची वाट लावली. अन्न मात्र त्याने शिवले नाही. तीन दिवसांच्या सुमारास तो मेला, आणि विल्सनने आपणास वाईट वाटल्याचे लिहून ठेवले. हस्तिदंती सुताराचा आवाज माणसाने इतक्या जवळून ऐकून वर्णन केल्याचे हे बहुधा पहिलेच उदाहरण असावे.

पुढील शंभर वर्षांत अरण्ये तुटली. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील जमिनी लाकूड-कंपन्यांच्या हाती गेल्या आणि आगगाडी दलदलीत शिरली. जसजसा पक्षी दुर्मिळ झाला, तसतसे पदार्थसंग्रहालये व हौशी संग्राहक त्याची कातडी अधिक किंमत देऊन घेऊ लागले. आज जगातील संग्रहांत अशी चारशेच्या आसपास कातडी आहेत. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक आर्थर ॲलन ह्यांना फ्लॉरिडात एक जोडी आढळली. ते तिचा अभ्यास करावयास लागले, तोच दोघा संग्राहकांनी परवाना काढून ती मारली. कायद्याप्रमाणे त्यांत काही चूक नव्हती! आता ही जात संपलीच, असे सर्वांनी धरून चालावयास सुरुवात केली.

१९३२ साली लुइझियाना संस्थानातील मेसन स्पेन्सर नावाच्या वकिलाने सरकारी अधिकाऱ्यांस सांगितले की आपल्या भागात हे पक्षी अजून आहेत. अधिकाऱ्यांनी त्यांची थट्टा केली व पक्षी मारण्याचा परवाना देऊन टाकला. स्पेन्सर गेले, त्यांनी एक नर मारला आणि पुरावा म्हणून आणून दाखविला. जात जिवंत आहे हे सिद्ध करावयास तिच्यातील एकास मारावे लागावे, हा त्या काळच्या पुराव्याचा प्रकार. ह्यापेक्षा बरा प्रकार शोधून काढण्याचे श्रेय ॲलन व त्यांचे सहकारी पीटर पॉल केलॉग ह्यांचे आहे.

१९२९ च्या मे महिन्यात फॉक्स चित्रपट कंपनीची माणसे बोलपटासाठी पक्ष्यांचे गाणे हवे म्हणून कॉर्नेलला आली, आणि ॲलन-केलॉग ह्यांनी इथाका गावातील एका बागेत त्यांना चिमणीसारख्या काही पक्ष्यांचे आवाज फिल्मवर घेऊन दिले. तेथून ह्या दोघांनी ध्वनिमुद्रणाचा ध्यास घेतला. अल्बर्ट ब्रँड हा शेअरबाजारातील व्यवसाय सोडून आलेला श्रीमंत विद्यार्थी त्यांना मिळाला. अडचण अशी की मायक्रोफोन पक्ष्याच्या आवाजाबरोबर रानातील सारा गोंगाट गोळा करी. त्यावर त्यांनी परातीसारख्या खोलगट तबकाचा उपाय काढला. एका दिशेने आलेला आवाज त्या तबकावर आपटून एका बिंदूत गोळा होतो व तेथे मायक्रोफोन ठेवला की दूरचा पक्षी जवळ बोलल्यासारखा ऐकू येतो. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या विमानांची चाहूल घेण्यासाठी अशी तबके बनविली जात, आणि त्यांचे साचे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पडून होते. ते उपयोगास आले.

१९३५ च्या आरंभी ॲलन, केलॉग, जेम्स टॅनर नावाचा विद्यार्थी आणि चित्रकार जॉर्ज मिक्श सटन असे चौघे दोन मोटारींत यंत्रे भरून निघाले, आणि एप्रिलमध्ये लुइझियानातील टलूला गावी स्पेन्सर वकिलांच्या कचेरीत येऊन पोहोचले. पक्षी ज्या रानात होते ते ऐंशी हजार एकरांच्या आसपासचे होते, व त्याचे नाव ऐकून आजही मराठी घरांतील बायकांना नवल वाटेल: त्यास सिंगरचे रान म्हणत. शिवणयंत्रे बनविणारी जी सिंगर कंपनी, तिने यंत्राच्या लाकडी पेट्यांसाठी ओकचे लाकूड हवे म्हणून १९१३ साली ते घेतले आणि बरीच वर्षे जवळजवळ न तोडता ठेवून दिले. त्या काळच्या किती पायमशिनींच्या पेट्या कोणत्या रानातून आल्या, हे आता कोण सांगणार!

जे. जे. कून नावाचा रानाचा रखवालदार वाटाड्या म्हणून मिळाला. पहिले तीन दिवस काही दिसले नाही. नंतर एकदाचा पिपाणीचा सूर कानी पडला. त्या मागावर जाऊन घरटे सापडले. मोटारी चिखलातून तेथवर नेणे अशक्य होते. तेव्हा ध्वनिमुद्रणाची सारी यंत्रे काढून शेतकामाच्या एका गाड्यावर चढविली, त्याला चार खेचरे जुंपली आणि गाडा दलदलीतून ओढीत घरट्याच्या झाडाजवळ नेला. मंडळींनी ताडाच्या झावळ्यांवर बिछाने घातले व कित्येक दिवस तेथे मुक्काम केला. अशा रीतीने बोलपटाच्या फिल्मवर हस्तिदंती सुताराचा आवाज पकडला गेला. पुढे इतकी वर्षे लोटली. ह्या जातीचा निर्विवाद असा ध्वनिलेख तोच एक आहे. त्यात ‘केंट केंट’ पुष्कळ आहे, आणि तेही बहुतांशी घरट्याजवळ माणसे आल्याने बावरलेल्या पक्ष्यांचे. ज्या जोडठोक्यावरून हा पक्षी मैलावरून ओळखावा, तो स्वच्छपणे असा त्यात सापडत नाही. मंडळींच्या कामात काही उणे होते असे नव्हे. आपण घेतो आहोत ते शेवटचे, हे त्यांना कसे ठाऊक असणार?

पुढील काम टॅनरने केले. १९३७ ते १९३९ ह्या तीन वर्षांत त्याने मोटार, आगगाडी, होडी, घोडा आणि पायी मिळून सुमारे पंचेचाळीस हजार मैल प्रवास केला व पक्षी असण्याची शक्यता असलेली बहुतेक रानेवने पालथी घातली. प्रत्यक्ष पक्षी त्याला सिंगरच्या रानातच दिसले. त्याची पद्धत साधी होती. पहाटे निघावयाचे, थोडे चालून थांबावयाचे, ऐकावयाचे, पुन्हा चालावयाचे. पक्षी का कमी झाला ह्याचे उत्तरही त्याने शोधले. हा सुतार नुकत्याच मेलेल्या, दोन-तीन वर्षांपूर्वी वठलेल्या झाडांची घट्ट साल उचकटून खालच्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या अळ्या खातो. अशी झाडे जुन्याच रानात पुरेशी असतात. म्हणून जेथे शेंडीवाल्यांच्या छत्तीस जोड्या पोसल्या जातात, तेवढ्या सहा चौरस मैलांत हस्तिदंती सुताराची अवघी एक जोडी निभते. १९३८ च्या ६ मार्चला टॅनर एका पिलाच्या पायात कडे अडकविण्यास झाडावर चढला, तेव्हा पिलू घरट्यातून उडून खाली पडले. ते उचलून कूनच्या हाती दिले, तर ते त्याच्या हातावरून चढून टोपीवर जाऊन बसले. त्या वेळी घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत; मळक्या टोपीवर पंजे रोवून बसलेले ते पिलू मोठ्या ऐटीत छायाचित्रकाराकडे पाहत आहे. सबंध देशात मिळून ह्या जातीचे दोन डझनांच्या आतबाहेर पक्षी उरले असावेत, असा टॅनरचा अंदाज होता. १९४२ साली त्याचा ग्रंथ निघाला.

ग्रंथ निघाला तेव्हा रान तुटत होते. सिंगर कंपनीने तोडीचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीस विकले होते आणि १९३८ पासून कुऱ्हाड चालू झाली होती. ऑडुबॉन संस्थेचे जॉन बेकर ह्यांनी पुष्कळ खटपट केली. चार संस्थानांच्या गव्हर्नरांनी पत्रे दिली, लुइझियानाने जमीन खरेदीसाठी दोन लाख डॉलर देऊ केले. १९४३ च्या डिसेंबरात शिकागोला बैठक झाली आणि कंपनीने साफ नकार दिला. महायुद्ध चालू होते, लाकडाला मागणी होती आणि माणसे मिळत नव्हती. तेव्हा जर्मन युद्धकैदी आणून त्यांच्याकडून झाडे पाडविली. कंपनीला दूषणे देणे सोपे आहे व ती दिली गेलीच पाहिजेत. परंतु बारा वर्षांपूर्वी ज्या अधिकाऱ्यांनी थट्टा म्हणून परवाना दिला, त्यांच्या हाती त्या वेळी हे रान स्वस्तात वाचविण्याजोगे होते, हेही विसरता येत नाही.

१९४४ च्या एप्रिलमध्ये डॉन एकेलबेरी हा तरुण चित्रकार तेथे गेला. सभोवती तोड झालेल्या रानात एक पट्टा उभा होता व त्यात एकच मादी उरली होती. रोज संध्याकाळी ती एका झाडाच्या ढोलीत मुक्कामास येई. दोन लहान मुलांना बरोबर घेऊन तो त्या झाडाखाली बसे, तिची वाट पाही आणि ती आली की तिची चित्रे काढी. दोन आठवड्यांनी तो परतला. सर्वांनी निःशंकपणे मान्य केलेले संयुक्त संस्थानांतील हे शेवटचे दर्शन. क्यूबा बेटावरील त्याचे भाऊबंद १९८७ पर्यंत तग धरून होते.

येथून पुढे इतिहास उलट्या पावलांनी चालू लागतो. १९३५ साली पक्षी डोळ्यांसमोर होता व त्याचा आवाज मिळवावयाचा होता. आता आवाज हाती होता, आणि त्यावरून पक्षी मिळवावयाचा होता. हा फरक लहान नव्हे. ओळखीच्या माणसाचा आवाज भिंतीपलीकडून आला तर आपण त्याचे नाव घेतो, ते तो माणूस गावात आहे हे आधीच ठाऊक असते म्हणून. जो गेला अशी खबर आहे त्याचा आवाज ऐकू आला, तर शहाणा मनुष्य प्रथम आपल्या कानांवर संशय घेतो.

१९९९ साली लुइझियानातील पर्ल नदीच्या काठी एका विद्यार्थ्याने जोडी पाहिल्याचे सांगितले. २००२ च्या आरंभी जर्मनीच्या झाइस कंपनीच्या खर्चाने तेथे महिनाभर मोठा शोध झाला. कॉर्नेलने रानात आपोआप चालणारी बारा ध्वनिमुद्रणयंत्रे ठेवली. २७ जानेवारीस शोध करणाऱ्यांनी आपल्या कानांनी जोडठोके ऐकले, आणि सर्वांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. यंत्रांतील ध्वनिलेख तपासल्यावर असे निष्पन्न झाले की ते दूरवरचे बंदुकीचे बार होते.

२००४ च्या फेब्रुवारीत आर्कान्सॉ संस्थानातील कॅश नदीच्या दलदलीत होडीतून फिरणाऱ्या एका गृहस्थास मोठा सुतार दिसला. त्यापाठोपाठ जाणकारांनाही दिसला, आणि एप्रिलमध्ये काही सेकंदांचे अस्पष्ट चलच्चित्र मिळाले. २००५ च्या २८ एप्रिलला पक्षी सापडल्याची घोषणा झाली. वर्तमानपत्रांनी ती डोक्यावर घेतली. परंतु पुढच्याच वर्षी इतर पक्षिशास्त्रज्ञांनी तेच चित्र तपासून तो शेंडीवालाच असल्याचे प्रतिपादिले, आणि सर्वांचे लक्ष पुन्हा कानांकडे वळले. रानात ठेवलेल्या यंत्रांनी हजारो तास नोंद केली होती. ती ऐकावयास माणसाचे आयुष्य पुरले नसते, म्हणून गणकयंत्राकडून चाळून घेतली. तीत पिपाणीसारखे सूर निघाले, जोडठोकेही निघाले. जोडठोके कशाशी ताडून पाहावयाचे? मूळ पक्ष्याचा स्वच्छ जोडठोका तर संग्रही नव्हता. तेव्हा त्याच्या दक्षिण अमेरिकेतील भाऊबंदांच्या ठोक्यांशी ते ताडून पाहिले. पुष्कळसे जुळले. पण २००७ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की गॅडवॉल जातीच्या बदकांचा थवा दाटीने उडताना पंखांची टोके एकमेकांवर आपटून हुबेहूब असाच दुहेरी आवाज होतो. ही बदके हिवाळ्यात त्या दलदलीत येतात; हिवाळ्यात ती महाराष्ट्रातील तळ्यांवरही उतरतात. आणि पिपाणीचा सूर? तेथील निळा जे पक्षी नकला करण्यात पटाईत असून तोही असा सूर काढू शकतो. ध्वनिलेख तपासणाऱ्या कॉर्नेलच्या मंडळींनी स्वतःच, हे आवाज लक्षवेधक आहेत पण सिद्धता नव्हे, असे प्रांजळपणे मांडले. त्यांचा हा संयम त्यांच्या घोषणेपेक्षा अधिक मोलाचा मानावयास हवा.

पाच-सहा हिवाळे शोध करून मोठी मोहीम थांबली. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वन्यजीव खात्याने हस्तिदंती सुतार निर्वंश झाला असे जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर हरकती आल्या. लुइझियानातील एका तुकडीने आपली चित्रे, आवाज व निरीक्षणे पुढे केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये खात्याने एकवीस जाती निर्वंश झाल्याचे जाहीर करून संरक्षित यादीतून काढल्या. त्या एकवीसांत हस्तिदंती सुताराचे नाव घातले नाही. त्याचा निर्णय अधिक विचारासाठी राखून ठेवला.

सिंगरच्या रानाच्या जागी पुढे बरीचशी सोयाबीनची शेते झाली. उरलेल्या भागाभोवती १९८० साली टेन्सस नदीचे राष्ट्रीय अभयारण्य स्थापन झाले आणि तेथे रान पुन्हा वाढते आहे. शेंडीवाल्याची तर्री तेथे ऐकू येते.